सावली एकट्या नळाचीच: जुन्या काव्यातली गोष्ट चित्रात कशी आणावी

गेल्या दिवाळीनंतर माझ्या वर्गातली एक मुलगी शकुंतलेचं चित्र घेऊन आली. अख्खा इम्पीरियल कागद तिनं भरला होता. कोपऱ्यात दुर्वास, मध्ये दुष्यंत, खाली मासा आणि त्याच्या पोटात अंगठी, वर मारीचांचा आश्रम, त्याच्या दारात सिंहाचे दात मोजणारा भरत. "बाई, सगळं बसवलोय बघा, काय सोडलो नाही," ती म्हणाली. खरंच काही सुटलं नव्हतं. त्या गर्दीत शकुंतला मात्र शोधावी लागत होती. त्यानंतर दोन-तीन महिने मी तिला जे सांगत राहिले, तेच इथं लिहिते आहे.

मी कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत राहते. आण्णा, माझे वडील, थिएटरचे बॅनर रंगवायचे. बाबूराव पेंटरांच्या गावात ब्रश धरणाऱ्याला पेंटर हेच नाव चिकटतं, तसं ते आण्णांनाही चिकटलं. बाबूराव नाटकांचे पडदे रंगवत. आनंदराव पेंटरांबरोबर सुरू केलेलं कॅमेरा बनवण्याचं काम त्यांनी तडीस नेलं आणि १९२० साली 'सैरंध्री' हा मूकपट पडद्यावर आणला, तोही विराटपर्वातल्या कीचकवधावर. पुराणातल्या प्रसंगांची असंख्य चित्रं काढणारे धुरंधर जन्मले तेही कोल्हापुरातच, १८६७ साली. व्यासांनी लिहिलेलं डोळ्यांना कसं दाखवायचं, यावर या गावात शंभर-सव्वाशे वर्षं हात चाललेले आहेत. आण्णा सांगायचे, "बॅनरवर अख्खा पिक्चर सांगायचा नसतो. माणूस चालता चालता थांबंल, असा एकच क्षण दाखवायचा." तो क्षण कसा सापडतो, हे मला त्यांच्यापेक्षा जास्त महाभारतानं शिकवलं.

तेव्हा आधी वाचा. गोष्ट पाठ असली तरी वाचा, आणि मूळ किंवा मुळाबरहुकूम केलेलं मराठी भाषांतर वाचा. संक्षिप्त कथांच्या पुस्तकांत प्रसंग शाबूत असतात, पण चित्रकाराला लागणारं बारीक सामान नेमकं गळून गेलेलं असतं. पहिलं वाचन गोष्टीसाठी करा. दुसऱ्या वाचनाला लाल पेन्सिल घ्या आणि डोळ्याला दिसेल तेवढ्याखालीच रेघ ओढा: रंग, उजेड, हाताची ठेवण, कपड्याचं टोक, झाड, जनावर. कोण काय बोललं, कुणाला काय वाटलं, कुणाचा कुणाला शाप होता, त्याला रेघ नाही. पाच पानांत सात-आठच रेघा पडतील. तुमचं चित्र त्या सात-आठ जागांपैकीच कुठल्या तरी एका जागी आहे.

नळ-दमयंतीचं स्वयंवर घ्या. वनपर्वात ही कथा आहे. इंद्र, अग्नी, वरुण आणि यम चौघेही नळाचं रूप घेऊन येऊन बसतात, आणि हातात माळ घेतलेल्या दमयंतीपुढं एकसारखे पाच नळ उभे राहतात. ती देवांनाच शरण जाते, मग ते आपल्या खुणा उघड करतात. त्यांना घाम नाही, त्यांची पापणी लवत नाही, त्यांच्या माळा टवटवीत आहेत, अंगावर धुळीचा कण नाही आणि पाय जमिनीला टेकलेले नाहीत. पाचवा तेवढा घामेजलेला आहे, धुळीनं माखलेला आहे, त्याची माळ कोमेजली आहे, तो भुईवर उभा आहे आणि त्याची सावली पडली आहे. त्याच्यासाठी मुळात शब्द आहे 'छायाद्वितीय', सावली हीच ज्याची सोबत असा. हा शब्द मी पहिल्यांदा वाचला तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ गॅलरीत उभी राहिले होते. देवांपुढं माणूस कसा ओळखायचा, तर त्याच्या सावलीवरून! चित्रकारासाठी याहून मोठं दान दुसऱ्या कुठल्या काव्यात असेल असं मला वाटत नाही.

पण दान मिळालं म्हणून चित्र झालं असं होत नाही. पुढची पायरी अशी, की त्या खुणांतली कुठली रंगानं दाखवता येते आणि कुठली फक्त शब्दानं सांगता येते, हे निवडायचं. पापणी लवत नाही हे चित्रात कसं दाखवणार? चित्रात कुणाचीच पापणी लवत नाही. मी त्यावर तोड काढली ती अशी: चारही देवांचे डोळे पूर्ण उघडे, समोर रोखलेले, आणि नळाच्या पापण्या अर्ध्यावर आलेल्या, मिटता मिटता पकडलेल्या. घाम दाखवता येतो, पण दहा फुटांवरून तो दिसत नाही. सावली मात्र दाराच्या चौकटीतूनच दिसते. म्हणून चित्राचा भार सावलीवर टाकायचा आणि बाकीच्या खुणा जवळ येणाऱ्यासाठी ठेवायच्या.

दुसरा धडा कालिदासाचा. शाकुंतलाच्या सहाव्या अंकात दुष्यंत स्वतः चित्र काढतो. शकुंतलेला त्यानं हाकलून दिलेलं आहे, अंगठी परत मिळाल्यावर सगळं आठवलं आहे, आणि आता तो तिचं चित्र काढून त्यापुढं बसला आहे. शकुंतला आणि तिच्या दोघी मैत्रिणी काढून झाल्या आहेत. तरी तो म्हणतो, अजून बरंच काढायचं राहिलं. मालिनी नदी, तिच्या वाळूत विसावलेली हंसांची जोडी. हिमालयाच्या पायथ्याचे उतार, त्यांवर बसलेली हरणं. फांद्यांवर वल्कलं वाळत घातलेलं एक झाड, आणि त्या झाडाखाली काळविटाच्या शिंगावर आपला डावा डोळा खाजवणारी हरिणी. विदूषकाला वाटतं, आता हा सगळा फलक लांब दाढीच्या तापसांनी भरून टाकणार. राजा तसं करत नाही. त्याला ती हरिणी हवी आहे. डोळ्याइतकी नाजूक जागा तिनं शिंगाच्या टोकाशी नेली आहे, कारण तो काळवीट हलणार नाही हे तिला ठाऊक आहे. दुष्यंतानं जो विश्वास मोडला, तो त्या हरिणीत शाबूत आहे. शकुंतलेचा रडका चेहरा काढून जे साधलं नसतं ते इथं एका जनावरानं साधतं.

म्हणून लाल रेघांमध्ये असा एक मुका साक्षीदार शोधा, जो गोष्टीत काही करत नाही पण गोष्ट अंगावर वागवतो. कर्णाच्या रथाचं रुतलेलं चाक सगळेच काढतात. त्या रथाचे घोडे काय करत असतील?

वर्गातली मुलं विचारतात, की परदेशातल्या चित्रकारांचं बघून आपल्याला काय उपयोग, त्यांची पुराणं वेगळी. मी त्यांना टाउन हॉलच्या संग्रहालयात नेते. ब्रह्मपुरीच्या टेकडीत सापडलेली पोसायडनची, म्हणजे ग्रीकांच्या समुद्रदेवाची, छोटी कांस्यमूर्ती तिथं आहे. दोन हजार वर्षांपूर्वी तो देव पंचगंगेच्या काठापर्यंत येऊन पोचला, मग त्यांच्या गोष्टी परक्या म्हणून बाजूला कशा ठेवायच्या? ऑविड हा लॅटिन कवी. त्याच्या काव्यात अ‍ॅक्टिऑन नावाचा शिकारी चुकून डायना देवीच्या स्नानाच्या जागी जातो. देवी त्याच्यावर पाणी उडवते, त्याचं हरिण होतं आणि त्याचीच कुत्री त्याला फाडतात. व्हेनिसच्या टिशियननं स्पेनच्या राजासाठी १५५६ ते १५५९ या काळात हे चित्र केलं. या मालिकेतल्या चित्रांना तो काव्यंच म्हणायचा. शिंगं फुटतात तो क्षण त्यानं या चित्रात घेतला नाही, कुत्र्यांचाही घेतला नाही. अ‍ॅक्टिऑननं पडदा नुकताच बाजूला सारला आहे, एवढंच. मग पुढचं कसं कळतं? बाजूच्या खांबावर हरणाची कवटी आहे, वर कातडी लटकत आहेत. त्या बिचाऱ्याला काही माहीत नाही, बघणाऱ्याला सगळं माहीत आहे. आणि तो पडदा ऑविडमध्ये नाहीच, तिथं नुसती गुहा आहे. टिशियनला हात पुढं आलेला हवा होता, म्हणून त्यानं पडदा आणला.

यातून मी दोन गोष्टी घेते. अनर्थाच्या आधीचा श्वास निवडावा. अनर्थ घडून गेल्यावर चित्राला पुढं जायला जागा राहत नाही. आणि काव्यात नसलेली एखादी वस्तू घालायची मुभा आहे, पण ती कामाला लागली पाहिजे. मुभा कुठवर जाते, ते इकॅरसच्या चित्रात दिसतं. मेणाचे पंख वितळून तो समुद्रात पडतो. ऑविडनं तिथं नांगरणारा, मेंढपाळ आणि गळ टाकून बसलेला कोळी असे तिघे ठेवले आहेत, आणि उडणाऱ्या बापलेकांकडं बघून ते थक्क होतात. ब्रूगेलच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या चित्रात तिघेही आहेत, पण पडणाऱ्या पोराकडं कुणाचंच लक्ष नाही. कोपऱ्यात पाण्याबाहेर दोन पाय तेवढे दिसतात. चित्रकारानं नजर तेवढी फिरवली आणि सगळा अर्थ उलटला. शिरोळकडच्या माझ्या मावसभावाला मी हे चित्र दाखवलं, तर तो म्हणाला, "औत हातात असताना मान वर कोण करतंय, ताई?" बदल करायचा तर असा एकच करावा आणि तो खऱ्या जगण्यातून यावा. तीन-चार बदल केले की काव्य सुटतं.

हा विचार आपल्याकडंही झालेला आहे. दर्भाचं टोक पायात गेलं म्हणून शकुंतला थांबते आणि त्या निमित्तानं मागं वळून बघते. रविवर्म्यानं हा क्षण घेतला आणि दुष्यंताला चौकटीबाहेर ठेवलं. त्यामुळं ती बघते ती दिशा राजाची, आणि राजा कसा दिसत असेल हे बघणाऱ्यानं ठरवायचं. आमच्या आजीच्या देवघराशेजारी हे चित्र छापील स्वरूपात होतं. लहानपणी मला वाटायचं, तिच्या पायात खरंच काटा आहे. कॉलेजात नाटक वाचल्यावर कळलं की तो बहाणा आहे, आणि मग ते चित्र मी पुन्हा नव्यानं बघितलं.

आता कागदावर या. पोस्टकार्डाएवढे आठ तुकडे कापा आणि प्रत्येकावर एक रचना कोळशानं करा, पाच मिनिटांत. चेहरे नकोत, दागिने नकोत, फक्त काळं, करडं आणि पांढरं. आठही भिंतीला चिकटवून खोलीच्या दुसऱ्या टोकाला जा. तिथून जे वाचता येतं ते ठेवा. मी स्वयंवराची अशी अकरा केली होती. दमयंती माळ घालते आहे, असं पहिल्या दहांत होतं. मूळ ग्रंथात ती लाजत नळाच्या वस्त्राचं टोक धरते आणि मग खांद्यावर माळ टाकते. फार गोड जागा आहे, मला ती सोडवत नव्हती. पण तिथं निवड होऊन गेलेली असते. अकराव्या तुकड्यावर मी तिची मान खाली घातली. ती पाचांपैकी कुणाच्याच तोंडाकडं बघत नाही, फरशीकडं बघते आहे, आणि फरशीवर एकच सावली आहे. तिथं काम थांबलं.

मग माणूस शोधा. फोटो बघून पुराणातला नायक काढू नका, मालिका बघून तर नकोच. नळाच्या अंगावर धूळ आणि घाम दोन्ही हवेत, आणि कोल्हापुरात याची वाण नाही. माझा पुतण्या तेव्हा तालमीत जायचा. सकाळी हौद्यातून तो घरी आला की खांद्यावर तांबडी माती, त्यातून घामाचे ओघळ उतरलेले, कानामागं मातीची रेघ. "काकी, अंघोळ तर करू दे की आधी," तो म्हणायचा आणि मी त्याला अंगणात उभा करायची. आठ दिवस रोज वीस मिनिटं. माती घामानं भिजते तिथं ती गडद विटकरी होते, वाळते तिथं गुलाबी भुरकट. हे मी मनानं कधीच काढलं नसतं. नळ राजा होता, कबूल, पण व्यासांनी त्याला धुळीनं ओळखायला सांगितलं आहे.

माळांसाठी महाद्वार रोडवरून निशिगंधाचे दोन सारखे हार आणले. एक ओल्या फडक्यात ठेवला, एक दिवसभर उन्हात टांगला. संध्याकाळी शेजारी शेजारी धरून रंगवले. कोमेजलेलं फूल पांढरं राहत नाही, कडेनं चहाच्या डागासारखं होतं आणि दोरा दिसायला लागतो.

प्रसंग मुलांकडून करूनही घ्या. विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या चित्रसूत्रात मार्कंडेय वज्र राजाला सांगतात, की नृत्य कळल्याशिवाय चित्र कळायचं नाही. मला ते अक्षरशः खरं वाटतं. माझ्या वर्गातल्या पाच मुलांना ओळीनं उभं केलं आणि एका मुलीच्या हातात हार दिला. कुणी न सांगता तिनं हार छातीशी ओढून धरला. मी मनानं काढलेल्या सगळ्या रेखाटनांत तिचे हात पुढं होते. तिच्या हातांवरून मी दमयंती बदलली.

जागेसाठी आणि दागिन्यांसाठी एक दिवस खिद्रापूरला जा. कोपेश्वराच्या देवळाच्या भिंतीवरच्या बायकांचे अंबाडे, कमरपट्टे, कापडाच्या चुण्या वहीत उतरवा. सिनेमातल्या मुकुटांपेक्षा ते कितीतरी हलके आणि सुंदर आहेत. मी स्वयंवराचा मंडपच तिथला घेतला. स्वर्गमंडपाचं छत मधोमध गोल उघडं आहे, भोवती अठ्ठेचाळीस खांब. वनपर्वातल्या रंगमंडपालाही खांब आहेत, सोन्याचे. मी ते दगडाचेच ठेवले आणि वरून उतरणाऱ्या उन्हानं सोनेरी केले.

आता सावलीचं तंत्र, कारण इथं माझं एक चित्र वाया गेलेलं आहे. पहिल्या कॅनव्हासवर मी देवांना सावली नको म्हणून त्यांच्या अंगावरचीही छाया काढून टाकली. चारही देव पुठ्ठ्याचे झाले. महिनाभराचं काम होतं, मी ते खरवडून टाकलं. छाया आणि सावली वेगळ्या असतात हे लक्षात ठेवा. अंगाची गोलाई दाखवते ती छाया, ती देवांनाही हवी. जमिनीवर पडते ती सावली, ती त्यांना नको. देवांवरचा उजेड सगळीकडून येणारा, ढगाळ सकाळीसारखा ठेवा, म्हणजे छाया हलकी राहते आणि सावली नसल्याचं खटकत नाही. नळावर मात्र एकाच बाजूनं तिरकं ऊन घ्या. हिवाळ्यात आपल्याकडं सकाळी नऊच्या सुमाराला सावली माणसाच्या उंचीच्या जवळपास दुप्पट लांब असते. तेवढी लांब सावली दमयंतीच्या पायापर्यंत सहज पोचते. अंगणात माणूस उभा करून खडूनं सावलीची कड आखून घ्या, अंदाजानं काढू नका.

देवांचे पाय अधांतरी दाखवताना त्यांना उडवू नका. उभ्या माणसाच्या तळव्याखाली, टाच टेकते तिथं, सगळ्यात गडद अशी बारीक रेघ असते. देवांच्या पायाखालची ती रेघ तेवढी काढून टाका आणि तिथं फरशीचा उजळ रंग बोटभर दिसू द्या. बघणाऱ्याला काहीतरी चुकल्यासारखं वाटतं, मग कळतं. नळाच्या पायाखाली ती रेघ दाबून काढा.

बाकी काम नेहमीचं. छोट्या रचनेवर चौकोन आखून ती कॅनव्हासवर मोठी करा, बॅनरवाले करायचे तशी. पहिला थर टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेल्या बर्न्ट अंबरचा, त्यातच उजेड-अंधार पुरा बसवा. तो वाळला की रंग. मी पिवळी गेरू, बर्न्ट सिएना, अल्ट्रामरीन आणि पांढरा एवढ्यावर तीन-चतुर्थांश चित्र उरकते आणि झगझगीत लाल शेवटी एकाच जागी लावते. या चित्रात तो दमयंतीच्या पदराच्या काठाला गेला. सावलीत निव्वळ काळा रंग घालू नका. तांबूस फरशीवरची सावली जांभळट तपकिरी असते.

दु:ख काढायची वेळ आली तर हात आखडता घ्या. प्राचीन ग्रीसमध्ये तिमान्थिस नावाच्या चित्रकारानं इफिजिनियाच्या बळीचं चित्र काढलं होतं. भोवतालच्या प्रत्येकाचा शोक त्यानं चढत्या क्रमानं रंगवला आणि तिच्या बापाचं तोंड वस्त्रानं झाकून टाकलं. चित्र उरलं नाही, रोमन लेखक प्लिनीनं लिहिलेली हकीकत उरली. गांधारीच्या डोळ्यांवर तर व्यासांनीच पट्टी बांधून ठेवली आहे. ती सोडवून आसवं दाखवायच्या फंदात पडू नका.

चित्र पुरं झालं की गोष्ट न सांगता घरातल्या दोघा-तिघांना दाखवा. "छान आहे" म्हणाले तर त्याचा उपयोग नाही. त्यांची नजर पहिल्यांदा कुठं गेली आणि नंतर कुठं, तेवढं विचारा. माझ्या सासूबाईंनी आधी माळ बघितली, मग दमयंतीची मान, मग फरशी, आणि मग एकेक करत पाचही जणांचे पाय. तेव्हा मी सही केली.

तैलरंगाला सहा महिने तरी वाळू द्या, मगच व्हार्निश. आणि टांगताना खिडकीकडं बघा. चित्रातलं ऊन डावीकडून येत असेल तर खिडकीही डावीकडं असलेली भिंत निवडा.